जिथे आंबा होता

सांगते ते ऐका, पण मधेच 'तुम्हाला कळलं कसं नाही' असं विचारू नका. ते माझं मला रोज विचारून झालंय.

माझं नाव सीनिया. सकाळी शाळेत दीडशे पोरांचा भात शिजवते आणि दुपारी ब्लॉग लिहिते. विषय एकच. आमच्या डोंगरातल्या अशा जागा, जिथे राजधानीतलं साधं कुटुंब शनिवारी डबा घेऊन येईल, पोरं मनसोक्त डुंबतील आणि संध्याकाळी सुखानं घरी जातील. परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या कंपन्या सगळ्यांना त्याच तीन धबधब्यांवर नेतात, त्याचा मला संताप यायचा. आपल्याच देशातल्या माणसाला आपला डोह माहीत नसावा? म्हणून लिहायचे. कुठल्या वाटेवर आजीचे गुडघे कुरकुरणार नाहीत, तान्ह्याचं दुपटं बदलायला सपाट दगड कुठे आहे, कोणाच्या टपरीवर केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल त्याच दिवशीचे असतात. बायका मेसेज करायच्या, तुमच्यामुळे आमचा रविवार सोन्याचा झाला. मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. विल्बर म्हणायचा, हो, आणि माझा भांडी घासण्यात गेला.

जुलैच्या सुट्टीआधी मी बगळ्याच्या डोहावर लिहिलं. रुंद, उथळ, दोन्ही काठांना गवत, पाणी चढलं तरी चार पावलांत माणूस बाहेर. आमच्या अख्ख्या गावाची पोरं तिथे पोहायला शिकली. वाट अशी लिहिली: घाटरस्त्यानं वर या, जुन्या आंब्यापाशी गाडी लावा, तिथून तीनशे मीटर खाली उतरा.

जुना आंबा नऊ वर्षांपूर्वी वादळात पडला. तिथे आता पंक्चरचं दुकान आहे. पण आमच्याकडे झाड मेलं म्हणून पत्ता मरत नाही. विजेचं बिल 'आंब्यापासून पन्नास मीटर पूर्वेला' असंच येतं, लग्नपत्रिकेवर तेच, दवाखान्याच्या कागदावर तेच. मला लिहिताना खटकलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर आंबा होताच की, फांद्यांसकट.

शनिवारी दुपारी सव्वा वाजता नुरियाचा मेसेज आला. ही राजधानीतली बाई दोन आठवडे माझ्याशी बोलत होती. नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी. मुलीला पोहता येत नाही, चालेल का, हे तिनं तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी 'बिनधास्त या' म्हटलं होतं. आता तिनं फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'सापडला एकदाचा. आंबा केवढा मोठा आहे हो! फोटो पाठवायला रेंजसाठी वरपर्यंत आलेय, आता मीही उतरते पाण्यात. देव तुमचं भलं करो.'

फोटोत काळे कातळ होते, दोन्ही बाजूंनी भिंतीसारखे उभे. मधे जेमतेम एका खोलीएवढं पाणी, आणि त्यात दोन पोरं हसत होती.

तो बगळ्याचा डोह नव्हताच. ती मांत्रिकाची घळ होती. घाटात आणखी दीड किलोमीटर वर गेलं की तिथेही एक आंबा आहे, जिवंत, डेरेदार. पण त्याला आम्ही कोणी आंबा म्हणत नाही, त्या जागेचं नाव न्हाव्याचं वळण. शहरातलं माणूस मोठा आंबा बघून गाडी थांबवणार, खाली पाऊलवाट दिसली की उतरणार. त्यात त्या बिचाऱ्यांची काय चूक? गावातलं कोणी मात्र दुपारनंतर त्या घळीत पाय ठेवत नाही.

मी खिडकीतून वर पाहिलं. आमच्या अंगणात लख्ख ऊन आणि घाटामागच्या ज्वालामुखीच्या बाजूला आभाळ काळं ठिक्कर. वर पाऊस झाला की घळीतलं पाणी हळूहळू चढत नाही, एकदम येतं, ओंडके-धोंडे घेऊन. त्याला आम्ही पाण्याचं डोकं म्हणतो. ते दिसलं की पळायला वेळ उरत नाही.

फोन लावला, लागेना. मेसेजवर मेसेज टाकले, बाहेर या, पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता वर या. एकावरही पोचल्याची खूण उमटेना. विल्बर गाडी घेऊन बाजाराला गेलेला. मी अंगावरच्या कपड्यांनिशी ओल्मान काकांकडे पळाले.

ओल्मान काका म्हणजे विल्बरचे चुलते. बहात्तर वर्षांचे, सगळा जन्म नदीतली वाळू उपसण्यात गेला. एरवी माझ्या ब्लॉगवर बोलायची एक संधी सोडत नाहीत, 'घरबसल्या नदी दाखवणारी' म्हणतात मला. आज सगळं ऐकून घेतलं, खुंटीवरचा दोर काढला आणि जीप सुरू केली. एक शब्द नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घाटात पुढे उसाचा ट्रक लागला. डुगडुगत चाललाय आपला, बाजूला व्हायला तयार नाही. काका हॉर्न वाजवत होते आणि मी उगाच डॅशबोर्डवर हात आपटत होते. मग त्यांनी विचारलं, मी नेमकं काय लिहिलं होतं. मी सांगितलं, जुन्या आंब्यापासून तीनशे मीटर.

"मीही तेच सांगितलं असतं," काका म्हणाले.

मला त्याचा काडीचाही आधार वाटला नाही. काका गावातल्या माणसाला सांगतात. मी पार अकरा हजार लोकांना सांगून बसले होते.

न्हाव्याच्या वळणावर करड्या रंगाची गाडी उभी होती. मागच्या काचेतून पोरीची बसायची छोटी खुर्ची दिसली. कार्तागोच्या चर्चमधल्या काळ्या माउलीला मनातल्या मनात म्हटलं, चौघं वर आली तर गुडघ्यांवर तुझ्या पायऱ्या चढेन.

पाऊलवाटेच्या तोंडाशी काका थबकले. मान तिरपी करून ऐकत राहिले. मी म्हटलं, चला ना. ते म्हणाले, "पाण्याचा आवाज येत नाहीये. वर अडलंय कुठेतरी. पळ."

अडलेलं पाणी म्हणजे काय ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. वर ओंडके अडकतात, खाली ओढा आटतो, आणि अडलेलं सगळं एका दमात सुटतं. मी निसरड्या वाटेवरून बसत, घसरत, बुडाच्या बळावर खाली पोचले.

डोह आटून घोट्याएवढा झाला होता. अलीकडे नवरा आणि मुलगा. पलीकडे वाळूचा चिंचोळा पट्टा उघडा पडलेला, त्यावर नुरिया आणि धाकटी, खडे वेचत बसलेल्या. नवऱ्यानं आम्हाला बघून हसत हात केला. म्हणाला, या या, पाणी कमी झालंय, लहान मुलांना तर मजाच आहे.

काकांनी मुलाचं बखोट धरलं आणि त्याला वर ढकललं. बापाला एवढंच सांगितलं की लोंढा येतोय. तो बायकोला ओरडून बोलवायला लागला, "नुरिया, इकडे ये! पोरीला घेऊन इकडे ये!"

तिनं पोरीला उचललं आणि पाण्यात पाऊल टाकलं. मधे दहाएक पावलं अंतर. दहा पावलांत नवरा, दहा पावलांत मुलगा, कोणतीही बाई आलीच असती. तेवढ्यात मला वास आला, लोंढ्याच्या पुढे येतो तो, उकरलेल्या ओल्या मातीचा, आणि मी जिवाच्या आकांतानं किंचाळले, "अलीकडे येऊ नका! आहात तिथूनच वर चढा, वर!"

ती मधेच थांबली. नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला ती चेहऱ्यानं ओळखतसुद्धा नव्हती. मग वळली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि कातळावर चढायला लागली. काकांनी आम्हा दोघांना दंडाला धरून मागे खेचलं, आणि पाणी आलं.

कितीतरी वेळ पलीकडचं काही दिसलंच नाही. नुसता तपकिरी फेस आणि त्यातून उसळणारे ओंडके. तो माणूस तिचं नाव घेत होता आणि त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. फेस जरा बसला तेव्हा काकांनी बोट दाखवलं. कातळाच्या एका कपारीत नुरिया उभी होती, एका हातानं झाडाचं मूळ धरलेलं, दुसऱ्यात पोर. पाणी तिच्या पावलांच्या वीतभर खाली होतं.

दोन तास. पाणी उतरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मुलगा वर वाटेवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. नवऱ्याचं नाव रांदाल. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. तिनं जरा पाय बदलला की त्याची पकड आणखी आवळायची. मधे एकदा पोरीचं डोकं कलंडलं आणि मी डोळेच मिटून घेतले. ती दमून झोपली होती. रांदाल म्हणाला, देवानंच तुम्हाला पाठवलं. थोड्या वेळानं म्हणाला, "ज्या बाईनं ही जागा लिहिली ना, ती मला एकदा भेटू दे."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. सांगायला हवं होतं, तेव्हाच. पण त्याचा हात माझ्या हातात होता आणि त्या घडीला त्याला धरायला दुसरं कोणी नव्हतं. का मीच भ्याले? दोन्ही खरं असेल.

साडेचार वाजता पाणी कमरेएवढं झालं. काकांनी दोर झाडाला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि पलीकडे गेले. आधी पोरीला पाठीवर आणलं, मग नुरियाला. तिची पावलं कापत होती, मूठ उघडेना, मुळाची साल तळहातात रुतलेली. रांदालनं तिघांना मिठीत घेतलं आणि तो माणूस हमसून हमसून रडला. मीही रडले, पण जरा लांब उभी राहून.

वर जीपपाशी आलो. काकांनी थर्मासमधलं गुळाचं गरम पाणी त्यांना दिलं. पोरीला माझा स्वेटर घातला होता, बाह्या जमिनीला टेकत होत्या. नुरियानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तुम्ही ओरडला नसतात तर मी पाण्यात असते, तुमचं नाव तरी सांगा.

मी नाव सांगितलं.

रांदाल ताडकन उठला. नुरियानं त्याला हातानंच थांबवलं. माझ्याकडे बघत राहिली. मग मी भडाभडा बोलून टाकलं. हा तो डोह नाही, तो खाली आहे, रुंद, गवताचा, आणि मी म्हटलेला आंबा हा नव्हे.

"मग तो कुठे आहे?" तिनं विचारलं. "आम्ही दोनदा वरखाली गेलो. दुसरा आंबा नव्हता."

"नाहीये. नऊ वर्षांपूर्वी पडला."

ती पेला दोन्ही हातांत धरून मान खाली घालून बसली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगते, मी त्याची वाटच बघत होते.

"पण पडलेला आंबा कुठे होता हे फक्त तुमच्या गावाला माहीत असणार," ती म्हणाली. "आणि तुमच्या गावाला डोह माहीतच आहे. मग ताई, तुम्ही हे लिहिलं होतंत कोणासाठी?"

तुमच्यासाठी, असं म्हणणार होते. तिनं टोमणा मारला असता तर मी निभावून नेलं असतं. ती खरंच विचारत होती.