अर्शीच्या अकरा वह्या

पुस्तक एका पानावर उघडं होतं आणि मुलगी भलतंच वाचत होती.

हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. इन्शाचं बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडे नीट सरकत होतं. आवाज स्वच्छ, चाल बरोबर. ओळ संपली की बोट खाली येत होतं. पण बोटाखालचं एकही अक्षर तिच्या तोंडात नव्हतं. ती म्हणत होती तो भाग चांगला शंभरेक पानं पुढे होता.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोट चाललंच होतं.

काष्टीपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. गावात मुसलमानांची तीसेक घरं. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी. मी छत्तीस वर्षं गावच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. सकाळी मुलांना बाराखडी शिकवायची आणि संध्याकाळी पाच वाजता, त्यांतल्याच आमच्या मुलांना मशिदीच्या ओट्यावर अरबी अलिफ-बे. शाळेतून निवृत्त झालो, ओट्यावरून झालो नाही. आमच्या पवित्र ग्रंथाचे तीस भाग, त्यांना पारे म्हणतात. मूल तीसही पारे वाचून काढतं तेव्हा घरचे लोक जेवण घालतात. त्या समारंभाला आमीन म्हणतात. आमीन झाली की मुलाचं ओट्यावर येणं संपतं. माझ्या हातून त्रेचाळीस आमीन झाल्या होत्या. इन्शाची चव्वेचाळिसावी, येत्या रविवारी.

शिकवायची माझी पद्धत साधी. पुढचा धडा मी तीनदा म्हणून दाखवतो. मूल घरी जाऊन तयारी करतं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून मला वाचून दाखवतं. मी ऐकतो डोळे मिटून. डोळे मिटले की चूक लगेच कानाला लागते, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. मुलांवर कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही.

त्या दिवशी डोळे उघडे राहिले ते नव्या प्रतींमुळे. जुन्या प्रतींची पानं सुटायला लागली होती, म्हणून नगरच्या एका व्यापाऱ्याने वीस नव्या पाठवल्या. टेम्पोवाल्या सहादेवने खोकी आणून ओट्यावर ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला.

"मास्तर, लई जड इद्या हाय तुमची."

"उघडून बघ, हलकी होईल."

"नगं. साळंत तुमी मला 'ळ' शिकवला, त्यो अजून पाटीवरच हाय."

मुलं हसली. मीही हसलो. जुन्या प्रतीत एका पानावर सोळा ओळी होत्या, नव्यात तेरा. अक्षर मोठं, डोळ्यांना सुखाचं. कौतुकाने मी इन्शाच्या शेजारी बसून पानात बघत होतो. ती आपल्या रोजच्या पान क्रमांकावर गेली आणि वाचायला लागली.

"थांब बेटा," मी म्हणालो. एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द वाच."

तिने एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आणलं.

"बरं, पहिलं अक्षर सांग."

ती त्या अक्षराकडे, रस्त्यात कोणी अनोळखी माणूस भेटावा तशी बघत राहिली. बाकीच्या मुलांना मी घरी पाठवलं. मग तीच हळूच म्हणाली,

"नव्या पुस्तकात पानं हलली, चाचा."

"म्हणजे?"

"वहीतली पानं आणि ही पानं जुळत नाहीत."

"कुठल्या वहीतली?"

तिने तोंडावर हात ठेवला. मग माझी बाही धरली. "चाचा, अब्बाको नको बोलो."

मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. इन्शाची आई अर्शी ही माझीच विद्यार्थिनी. शाळेत पहिली, ओट्यावरही पहिली. आठ वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत तिने कधी धडा चुकवला नव्हता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी तिचं उदाहरण द्यायचो. ती पत्र्याच्या डब्यात तांदूळ निवडत बसली होती. माझा चेहरा बघून उठली, मुलीचा चेहरा बघून पुन्हा खाली बसली.

"वही दाखव," मी म्हणालो.

तिने काही विचारलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरून हिरव्या कापडात बांधलेलं गाठोडं काढलं. आत अकरा वह्या होत्या, दोनशे पानी, कडा पिवळ्या पडलेल्या. मी पहिली उघडली.

तीसही पारे, सगळेच्या सगळे, देवनागरीत लिहिलेले.

अक्षर वळणदार होतं. 'श'ची खालची शेपटी किंचित डावीकडे वळवलेली. ती शेपटी मी फळ्यावर तशी काढतो. म्हणजे वळण माझंच. सकाळच्या शाळेत मी जे अक्षर घोटून घेतलं, त्याच अक्षरात तिने संध्याकाळचा माझा आवाज लिहून घेतला होता. मराठीत नसलेल्या आवाजांसाठी तिने खुणा केल्या होत्या. घशातल्या आवाजाला अक्षराखाली एक टिंब, त्याहून खोल आवाजाला दोन. पान उलटायच्या जागी छोटा त्रिकोण. ह्या मुलीने बाराव्या वर्षाच्या आत स्वतःची लिपी तयार केली होती आणि मला पत्ता नव्हता.

मधे मधे कंसात सूचना होत्या. "इथे चाचा श्वास घेतात." "इथे खोकला." एका ठिकाणी, "इथे चाचा डोळे पुसतात, आपण थांबायचं."

मी ते तीनदा वाचलं. त्या काळात मला दमा होता. थांबायला नको अशा जागीही मी थांबायचो. पुढे औषधाने दमा गेला, मी नीट म्हणायला लागलो. पण मुलं त्याच जागी थांबत राहिली. दोन वर्षं इन्शाला सांगत होतो, बेटा, इथे थांबू नये. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथेच थांबायची. ती माझ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या दम्यावर थांबत होती.

"अर्शी," मी विचारलं, "तुला वाचता येतं की नाही?"

"नाही चाचा."

"एक अक्षरही?"

"अलिफ येतो. सरळ उभा असतो ना, तो."

तिने मग सगळं सांगितलं. अक्षरओळखीच्या वर्षी तिचे वडील वीटभट्टीवर कामाला गेले होते, ती तीन महिने गावात नव्हती. परत आली तेव्हा बरोबरीची मुलं पुढे गेलेली. मी तिला त्यांच्यातच बसवलं, कारण लहान मुलांत बसायला तिला लाज वाटली असती. तिला म्हणालो होतो, काळजी करू नको, ऐकत राहा, येईल. तिने ऐकलं. आणि जे ऐकलं ते मांडीवरच्या कच्च्या वहीत लिहिलं. मला वाटायचं, शाळेचा अभ्यास करते.

"मला का नाही सांगितलंस? मी कधी रागावलो होतो का?"

"तेच तर." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही मारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते. पण मी म्हणून दाखवलं की तुम्ही इतके खूश व्हायचे, चाचा. डोळे मिटून हसायचे. ते मोडायचं कसं?"

मी भिंतीला टेकलो. इन्शाने पाणी आणलं, पेला माझ्या हातात राहिला.

"ह्या वह्या अजून कोणाकडे गेल्या?"

"ओट्यावर माझ्या शेजारी बसायची त्या मेहताबने उतरवून घेतल्या. तिच्याकडून तिच्या बहिणींनी. आता मोबाईलवर फोटो जातात. सगळेच नाहीत हां, चाचा. घरात कोणी जाणतं होतं, ती मुलं खरं वाचतात. पण वीसेक तरी… रविवार होऊ द्या. इन्शा एक शब्द चुकणार नाही. कोणाला कळणार नाही."

ते खरं होतं. दीडशे माणसांसमोर इन्शा शेवटचं पान सुंदर म्हणेल, लोक खजूर वाटतील, माझ्या गळ्यात हार पडेल. पण पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ ओट्यावर येईल आणि गाठोडं फळीवरून खाली उतरेल. मी इन्शाला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

ती आईकडे बघून म्हणाली, "मला ह्या पुस्तकातलं वाचायचंय. वहीतलं नाही. पण रविवारनंतर तर तुम्ही मला शिकवणार नाही ना?"

"रविवारी आमीन झाली तर नाही."

"मग नका करू."

अर्शी उठून उभी राहिली. "अगं, आचारी सांगून झालाय! काष्टीची, दौंडची माणसं येणार. तुझ्या अब्बाला काय सांगू?"

तेवढ्यात अब्बाच दारात होता. जीशानचं दौंड रस्त्यावर टायरचं दुकान आहे. हात काळे, खांद्यावर फडकं. तोही माझाच विद्यार्थी. त्याची आमीन मीच केली होती, एकोणिसावी. मी त्याला सरळ सांगितलं की इन्शाला वाचता येत नाही, आमीन पुढे ढकलावी लागेल, चूक माझी आहे.

"वाचता येत नाही?" तो ओरडला. "चार वर्षं काय केलं मग? चाचा, मी दुकान बंद ठेवून हिला सोडायला यायचो! हिची आई एवढी शिकलेली, तुमची पहिल्या नंबरची, आणि हिला…" त्याची नजर वह्यांवर गेली. एक उघडी होती. त्याने वाकून दोन ओळी मराठीत वाचल्या आणि त्याचा आवाज एकदम बसला. "हे कोणाचं?"

"माझं," अर्शी म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "मलाही येत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, तुम्हाला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता हा वही फेकणार. मी हात पुढे केला. जीशान खाली फरशीवर बसला.

"तू निदान लिहिलं तरी," तो म्हणाला. "घरी थोरला अमीरभाई म्हणायचा आणि मी नुसतं पाठ करायचो. पुस्तक समोर धरायचं म्हणून धरायचो. एकदा उलटं धरलं होतं, चाचांचे डोळे मिटलेले." त्याने माझ्याकडे बघितलं. "मला वाटायचं, अख्ख्या गावात मी एकटाच असा आहे."

"मलाही तसंच वाटायचं," अर्शी म्हणाली.

दोघं एकमेकांकडे असं बघत होते, जणू आत्ताच कोणी ओळख करून दिली. मी तिथे होतो हे ते विसरले. मी मात्र एकोणिसावी आमीन आठवत होतो. त्या दिवशी मी ह्याच्या डोक्यावर हात ठेवून रडलो होतो.

रविवारी माणसं आली. त्यांना थांबवता आलं नसतं, आणि जेवण तयार होतं. मी उभा राहून सांगितलं की मुलीचं वाचन अजून पुरं झालेलं नाही, शिकवणाऱ्याची चूक झाली आहे, तिने स्वतः आणखी शिकायचं ठरवलं आहे, जेवून जावं. मंडपात असं काही शांत झालं की भटारखान्यातला झारा ऐकू आला. आमच्यात कोणी आमीनच्या दिवशी आमीन थांबवलेली नाही. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. काही बायकांनी नजर खाली घातली, आणि मी त्या मोजू नयेत म्हणून मीही घातली. जाताना सहादेव जवळ आला.

"मास्तर, पोरीचं पास व्हायचं राह्यलं, पर बिर्यानी पास झाली बगा."

त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य मला सोसलं.

सोमवारी पाच वाजता मी ओट्यावर जाऊन बसलो. कोणी येईल असं वाटत नव्हतं. पावणेसहाला इन्शा आली. मागे अर्शी, ओढणी पुढे ओढून. आणि पायरीपाशी जीशान, मोबाईलमध्ये तोंड घालून, जणू कोणाची वाट बघत उभा आहे.

नवी प्रत मी मधेच कुठेतरी उघडली. जिभेवर शब्द येत होता, तो मी दातांत धरला. मी म्हणून दाखवलं की हिचे कान ते लगेच पकडणार आणि डोळ्यांना सुट्टी मिळणार. आयुष्यभर मी तोंड उघडं ठेवून आणि डोळे मिटून शिकवलं. आता उलट करायचं होतं. कागदावर दोन अक्षरं वेगळी काढून त्यांची नावं तिला सांगितली, खुणा दाखवल्या, मग पानातल्या एका छोट्या शब्दावर बोट ठेवलं आणि गप्प बसलो.

इन्शा बघत राहिली. कपाळावर आठ्या पडल्या. कागदाकडे बघितलं, पानाकडे बघितलं. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाऊन विरला, तरी ती बघतच होती.

"रे," ती म्हणाली. "वर रेघ. र."

मी मान हलवली.

"खाली एक टिंब. बे." तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. "र… ब. रब."

ती एकदम मागे सरली, पानातून कोणी हात बाहेर काढला असावा तशी. रब म्हणजे पालनकर्ता; हा शब्द तिने हजारदा म्हटला होता. झोपेत विचारलं तरी आला असता.

"चाचा," ती म्हणाली, "हे ते आहे?"

"हे ते आहे."

"इथे होतं? रोज?"

अर्शीने पुढे वाकून मुलीच्या बोटाखाली बघितलं. पायरीवरचा मोबाईल खिशात गेला. मग अर्शीने काही न बोलता मुलीचं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपलं ठेवलं.