झेंड्याच्या दिवसापर्यंत

आमच्या गावात झाड आपसूक उगवत नाही. वायोमिंगच्या या सहा हजार फुटांवरच्या माळावर वाऱ्याला उसंत नाही आणि पावसाला आमची आठवण नाही. जे काही हिरवं दिसतं ते कुणीतरी हाताने पाणी घालून, कडक हिवाळ्यातसुद्धा जरा ऊन पडलं की नळी ओढून वाढवलेलं असतं. म्हणून इथं झाडांना माणसांची नावं असतात आणि झाड पाडायचं म्हटलं की माणसं कुजबुजत बोलतात.

पाडायचं कधी, याचा मर्विन टेगेनचा एक नियम होता. चौदा जूनच्या आत कुठल्याही झाडाला मेलं म्हणायचं नाही. चौदा जून म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याचा दिवस. त्या सकाळी मर्विन ओसरीच्या खांबाला झेंडा लावायचा, पायरीवर उभा राहून वर फांद्यांकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. गल्लीतली माणसं आपापल्या झाडांची प्रकरणं घेऊन त्याच्याकडे यायची. त्याचं म्हणणं सरळ होतं. मे महिन्यात थंडी परत फिरून येते आणि पहिली पालवी जाळते. झाड रुसतं, महिनाभर बोडकं राहतं आणि मग मनात आलं तर दुसरी पालवी काढतं. उतावळी माणसं मेमध्येच करवत लावतात आणि बुंध्यातून पाणी वाहायला लागलं की एकमेकांची तोंडं बघत बसतात.

गेल्या वर्षी ही चूक त्याच्याच बायकोने केली, आणि तीही त्याच्याच झाडाच्या बाबतीत.

लग्नाच्या वर्षी दोघांनी घराच्या दोन अंगांना दोन कॉटनवूड लावली होती, पूर्वेचं मर्विनचं आणि पश्चिमेचं आयोलाचं. या झाडाची पानं पिंपळासारखी, लांब देठांची, जरा झुळूक आली की सगळी एकदम बोलायला लागतात आणि खिडकी बंद असेल तर बाहेर पाऊस पडतोय असं वाटतं. पावसाच्या आवाजासाठीच आपण ही झाडं लावली, असं मर्विन म्हणायचा. पाऊस काही आला नाही, पण बावन्न वर्षं आवाज मात्र येत राहिला.

गेल्या वर्षी मेमध्ये मर्विन साठ मैलांवरच्या दवाखान्यात छातीला नळ्या लावून पडला होता. घरी आयोला एकटी. दोन्ही झाडं बोडकी, वाऱ्याने फांद्या कुरकुरायच्या आणि तिला डोळ्याला डोळा लागू द्यायच्या नाहीत. गल्लीत कुणाचं तरी झाड पाडायला करवतवाले आले होते. जाता जाता त्यांनी पूर्वेच्या झाडाकडे बोट करून विचारलं, हेही उरकायचं का? ती इतकी थकली होती की हो म्हणून बसली. पूर्वेचं झाड आडवं झालं आणि खुंटातून पाणी उमळून आलं, अंगणभर ओल पसरली.

"बाई, हे जिवंत होतं की," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. मग फुटवा येऊ नये म्हणून त्याने खुंटावर औषध ओतलं. ते त्याचं काम होतं.

मर्विन रोज विचारायचा, "पानं आली का गं?"

"यायला लागलीत," आयोला सांगायची. दुसरं काय सांगणार होती?

"दोन्हींना?"

"दोन्हींना."

"मग झेंड्याला मी घरी येतो," तो म्हणाला. झेंड्याच्या पाच दिवस आधी तो गेला.

चौदा जूनच्या दुपारी, सांत्वनाला आलेल्या माणसांनी आणून दिलेले केक फडताळात कोंबत असताना, आयोलाला पहिल्यांदा तो आवाज आला. पूर्वेच्या खिडकीबाहेर सळसळ, भरल्या झाडाची. ती बाहेर गेली. खुंट होता, वर मोकळं आभाळ होतं आणि त्या मोकळ्या जागेत पानं वाजत होती. मग ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत, गावात कुठल्याच फांदीवर पान नसताना तिने तो आवाज ऐकला. भर दुपारी, भांडी घासताना, टपालपेटी उघडताना. ती घाबरली, हे उघडच आहे. पण आवाज दोन-तीन दिवस आला नाही की ती काही ना काही कारण काढून पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची, हेही तितकंच खरं.

यंदाच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या झाडाची मांडीएवढी फांदी तुटून कुंपणापलीकडे ब्रीनाच्या अंगणात पडली. ब्रीना शेजारची तरणी बाई, सहा महिन्यांच्या मुलीची आई. मुलीच्या खोलीचं छप्पर नेमकं त्या झाडाखाली.

झाडं तपासणारी रोंडा आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, झाडांवर चढून चढून हातांची सालटं निघालेली. तिने रबरी हातोडीने बुंधा ठोकून पाहिला. वर ठक्क वाजलं, खाली यायला लागली तसं धब्ब, धब्ब. मग तिने बारीक सळई खुपसली आणि ती मुठीपर्यंत आत गेली.

"टेगेनबाई, आतून पोकळ आहे," ती म्हणाली. "माझं मत विचाराल तर आजच पाडा."

"झेंड्यापर्यंत थांबू," आयोला म्हणाली. "पानं नाही आली तर पाड."

"आणि आली तर?"

कुंपणापलीकडून ब्रीना म्हणाली, "आयोला, तुमच्या झाडाचं पथ्यपाणी सांभाळायला मी पोरीला स्वयंपाकघरात निजवू का दोन महिने?"

"निजव," आयोला म्हणाली. "खरंच निजव. मी हात जोडते."

ब्रीनाने टोमणा मारला होता, पण म्हातारीचा चेहरा बघून ती खरंच घरात वळली. पाळणा स्वयंपाकघरात गेला.

त्या दोन महिन्यांत आयोलाने रोज सकाळी मान वर करून झाडाकडे पाहिलं. एकदा घाई करून जिवंत झाड मारलं होतं, दुसऱ्यांदा तिचा हात धजत नव्हता. झाड मेलेलं निघावं, म्हणजे निर्णय घ्यायलाच नको, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची. पूर्वेची सळसळ आता रोज यायला लागली होती. तेरा जूनला झाड पूर्ण बोडकं होतं. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ती नीट जेवली.

चौदाला सकाळी तिने झेंडा लावला, पायरीवर उभी राहिली आणि वर पाहिलं. रातोरात एका फांदीला पालवी फुटली होती. एकाच, पण टोकापासून बुडापर्यंत, पोपटी आणि चिकट. ती फांदी थेट ब्रीनाच्या छपरावर ओणवली होती.

रोंडा आली, तिने फांदी आणि बुंधा बघून घेतला.

"जिवंत आहे ना?" आयोलाने विचारलं.

"आहे. तीच तर पंचाईत आहे," रोंडा म्हणाली. "सुकलेल्या फांद्यांतून वारा निघून जातो. पानांत तो अडकतो. पानं मोठी झाली की एवढा सगळा भार या पोकळ बुंध्यावर. मेलेलं झाड दोन वर्षं उभं राहिलं असतं. हे पहिल्या वादळात जाईल, आणि कुठे जाईल ते दिसतंयच. पण तुमच्या मर्विनचा नियम मलाही माहीत आहे. मालकीण तुम्ही. नको म्हणालात तर मी निघते."

मर्विनच्या नियमाने झाड राखायला हवं होतं. राखलं असतं तर आयोलाच्या माथ्यावरचं पाप थोडं तरी फिटलं असतं. ती हे मनात घोळवत असतानाच पूर्वेकडून सळसळ उठली, आजवर कधी नव्हती एवढी मोठी. दोन्ही अंगणं भरून पाऊस कोसळावा तशी. रोंडाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिला ती ऐकू येत नव्हती.

आणि आयोलाला एकदम कळलं की हा मर्विनच होता, आणि तो रागावून येत नव्हता. तो विचारत होता. पानं आली का गं, वर्षभर तेच एक विचारत होता आणि त्याला अजून खरं उत्तर मिळालेलं नव्हतं.

ती पूर्वेच्या खुंटाशी गेली. बसता येत नव्हतं, गुडघे दुखत होते, म्हणून उभ्यानेच बोलली.

"मर्विन, तुझं झाड मी पाडलं. मेमध्येच. तू विचारायचास तेव्हा ते नव्हतंच, मी खोटं सांगत होते. ते जिवंत होतं. आज माझ्या झाडाला पानं आलीत, हे खरं सांगते आहे. पण मी तेही पाडते आहे. खाली लेकरू आहे रे."

मग रोंडाकडे वळून ती म्हणाली, "लाव करवत."

दुपारपर्यंत झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरलं. पानांची फांदी रोंडाने दोराने बांधून हलकेच ब्रीनाच्या छपरावरून बाजूला घेतली. बुंध्यात भुसा आणि मुंग्या होत्या, कडेने तेवढं तीन बोटं जाडीचं ओलं लाकूड. त्याला पाणी सुटलं. आयोला नजर न हलवता बघत राहिली.

संध्याकाळी ब्रीना पाळणा परत खोलीत नेताना खिडकीतून दिसली. तिने हात केला, आयोलानेही केला. मग आयोला ओसरीवर बसली. वारा जोराचा सुटला होता आणि झेंडा फडफडत होता. तिने पूर्वेकडे कान लावला. मग उठून खुंटाशी गेली, तिथेही ऐकलं.

"मर्विन," तिने हाक मारली.

काही वाजलं नाही. वर्षभर ज्या आवाजाला ती भ्याली होती तो गेला होता, आणि तो का गेला हे तिला नीट समजलं. त्याला उत्तर मिळालं होतं. ती खोटंच बोलत राहिली असती तर तो विचारत राहिला असता.

दिवस मावळेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग झेंडा उतरवायची वेळ झाली म्हणून ती घराकडे वळली.