लक्ष्याच्या घराचं आढं

शितल तीन वर्षांसाठी आफ्रिकेला निघाली होती, आणि तिच्या बापाच्या, लक्ष्याच्या घराचं नवं आढं दोन वर्षांपासून अंगणात लोळत पडलं होतं. बांधावरचं ऐनाचं झाड तोडून, तासून, तेल पाजून लक्ष्याने ते तयार केलं होतं. वर चढवायला मात्र माणसं नव्हती. कोंबड्यांची तेवढी बसायची सोय झाली. छपराखालचं जुनं आढं वाळवीने पोखरलेलं. त्याला टेकू देऊन लक्ष्या एकेक पावसाळा ढकलत होता, आणि कोणी विचारलं की म्हणायचा, अजून पडलं तर नाय ना.

२०१७चा मे महिना. शितल डहाणूच्या एका दवाखान्यात नर्स होती. मलावी नावाच्या देशात मिशनचा दवाखाना होता, तिथे बाळंतिणींचा वॉर्ड बघायला माणूस हवं होतं. तलासरीच्या ख्रिस्ती मंडळीत पास्टरांनी हे सांगितलं तेव्हा विचार करायच्या आधीच शितलचा हात वर गेला होता. शिकत होती तेव्हापासून तिने यासाठी प्रार्थना केली होती. व्हिसा आला, तिकीट आलं. मंडळीतल्या बायांनी लोणचं दिलं, पापड दिले, किनाऱ्यावरच्या आगरहून आणलेले सुके बोंबीलही दिले. बोंबलाचा तो दरवळ विमानात कसा लपवायचा, हे मात्र कोणी सांगेना. सगळी तयारी झाली आणि शितलच अडून बसली. ती एकुलती एक. आढं चढल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता.

मंडळीतली माणसं मदतीला तयार होती. एका रविवारी प्रार्थनेनंतर सगळे येऊन काम उरकू, असं पास्टर म्हणालेही. पण शितलला भीती वाटत होती ती वेगळीच. ही माणसं तलासरीपासून कासापर्यंत विखुरलेली. वादळ काय रविवार बघून येतं? रात्री आयला, भिकीला दम लागला तर धावून येणार तो पाडाच. आणि पाडा त्यांच्या अंगणात पाऊल टाकत नव्हता.

पाड्याची रीत साधी होती. घर शाकारायचं असलं की घरधन्याने आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायचं, दुसऱ्या दिवशी सगळे हजर. मजुरी नाही. काम झालं की जेवण आणि ताडी. शितल लहान असताना लक्ष्याने बाप्तिस्मा घेतला आणि ताडी सोडली. आपण पीत नाही, मग दुसऱ्याला कुठल्या तोंडाने पाजायची? आणि पाजायची नाही तर बोलवायचं कसं? म्हणून त्याने बोलावणंच सोडलं. दुसऱ्याच्या कामावर गेलं तर तिथे ताडी पुढे येणार, म्हणून जाणंही सोडलं. एवढं सगळं स्वतःच करून वर म्हणायचा, देव बदलला म्हणून पाड्याने तोंड फिरवलं. शितल हेच ऐकत मोठी झाली होती.

निघायला आठवडा उरला, तेव्हा एका सकाळी ती शुक्राकाकाच्या दारात जाऊन उभी राहिली. शुक्रा म्हणजे पाड्यातला जाणता माणूस, एके काळी लक्ष्याच्या ताटात जेवणारा. तो दोरी वळत बसला होता. शितलने एका दमात सांगून टाकलं की उद्या आढं चढवायचं आहे, भात-कालवण मिळेल, गुळाचा चहा मिळेल, ताडी मिळणार नाही.

शुक्राने दोरी खाली ठेवली. आता हा नाही म्हणणार, असं शितलला वाटलं.

"ताडी माज्या घरी पण हाय, पोरी," तो म्हणाला. "ती प्यायला तुज्या बाच्या छपरावर कशाला चढू? ते लाकूड आमी येता-जाता बघतो. पण बोलावल्याबिगर माणूस येल कसा? आमाला वाटलं, तुमाला आता आमी नको."

शितलला हसावं की रडावं कळेना. पाड्याने तोंड फिरवलं नव्हतं. दोन हट्टी म्हातारे एकमेकांच्या हाकेची वाट बघत बसले होते, आणि देवाचं नाव उगाच मध्ये आलं होतं. ती वळली तसं शुक्राने मागून सांगितलं, तिचं बोलावणं चालणार नाही, घरधन्याने यायला हवं.

लक्ष्या ऐकेना. लोक हसतील म्हणाला, आता कशाला म्हणाला, टेकू अजून मजबूत आहेत म्हणाला. भिकीने चुलीपुढून नवऱ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बा, मी परक्या देशात, परक्या लोकांच्या दारात जाऊन उभी राहनार," शितल म्हणाली. "तुला शेजारच्या दारात जाववत नाय?"

लक्ष्या उठला. रविवारचा सदरा अंगात घातला आणि भर उन्हात बाहेर पडला. परतला तेव्हा दोन वेळा पाणी मागून प्यायला आणि कोंबड्यांना आढ्यावरून हुसकून लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगण माणसांनी भरलं. बघता बघता कौलं उतरली, जुनं आढं खाली आलं ते हातात भुगा होत. नवं आढं खांद्याखांद्यांवरून वर चढलं आणि खाचेत बसलं, तेव्हा भिकी पदरात तोंड लपवून रडली. शुक्राची बायको हिराबाई चुलीशी बसली आणि बोंबलांचा प्रश्नही मिटला. अख्ख्या पाड्याने ते ओरपले. जेवायच्या आधी लक्ष्याने डोळे मिटून प्रार्थना केली, शुक्राने धान्याची देवी कणसरी हिच्या नावाने चार शितं बाजूला ठेवली, आणि दोघे मांडीला मांडी लावून जेवायला बसले. शितलला वाटलं, आपण मलावीत काय सांगायला जातोय ते आज आपल्याच अंगणात बघितलं.

निघायच्या दिवशी पास्टर जीप घेऊन आले. प्रार्थना झाली, लक्ष्याने मोठ्याने आमेन म्हटलं आणि लगेच कमरेला कोयता अडकवला. विमानतळाला येणार नाही म्हणाला. भिकी त्याच्यावर भडकली, पोर तीन वर्षांसाठी चाललीय आणि बाप कुठे निघाला म्हणून.

"आज शुक्राचं घर शाकारायचं हाय, माज्यासाठी गुळाचा चा ठेवलाय," लक्ष्या म्हणाला. त्याची मान ताठ होती. "त्यानं मला बोलावलंय."

शितलने त्याच्या पायांना हात लावला आणि आनंदाने रडू लागली. आता तिला कसलीच भीती उरली नव्हती.

जीप शुक्राच्या घरावरून गेली, तेव्हा छपरावर माणसंच माणसं होती आणि सगळ्यांत वर, आढ्यावर, लक्ष्या बसला होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. हात हलवायला लक्ष्याचा हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने हातातलं कौलच उंच धरलं. जीप वळणावर पोचली तरी ते कौल वरच होतं.