सासऱ्याचं भूत सुनेच्या अंगात

मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतीमागच्या शेडमध्ये, दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. बुवाने राजेंद्रच्या तोंडात झाकणभर दारू ओतली. थोड्याच वेळात त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि तो ओकत कोसळला.

"बघा! शिवराम आला! दारूने मेला, तहान उरली, पोराच्या अंगात शिरला!" बुवा गरजला आणि कातडी पट्ट्याने राजेंद्रची पाठ सोलून काढली. त्याच्या बायकोला, कुंदाला, दोघींनी धरून ठेवलं होतं.

मग बुवाची नजर त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीकडे, मनालीकडे वळली. पोरगी एका जागी ठरत नव्हती. "हिच्यातही आजा आहे. पुढच्या अमावास्येला दोघांना आणा. हिला डागावं लागेल. त्याला ह्या वेळेसारखंच आधी तीन दिवस दारू बंद, रोज अंगाऱ्याची एक पुडी."

"आणते, महाराज," सासूबाईंनी हात जोडले.

कुंदाने मनात हिशेब केला. नवरा दहा वर्षं पीत होता, असा लाल कधी झाला नव्हता. पुडी पोटात गेल्यावरच येणारं भूत मोठं शिस्तीचं होतं.

अमावास्येच्या दुपारी शेडमध्ये राजेंद्र बुवासमोर दारू प्यायला. काहीच झालं नाही. तेव्हा कुंदाने झाकण भरून स्वतः घेतलं, आणि थोड्या वेळाने तीच लाल होऊन ओकू लागली.

"सुनेत शिरला!" बुवाचा पट्टा तिच्या पाठीवर बसला.

"मी कुठे सासऱ्यांच्या रक्ताची?" ती धापा टाकत ओरडली. "ह्यांच्या पुड्या मी खाल्ल्या! ह्यांना उदबत्तीची राख दिली!"

राजेंद्रने पट्टा हिसकावून बुवाला खाली पाडलं. गर्दीही तुटून पडली.

"मारू नका! पोलिसांना बोलवा, पुड्या सांभाळा!" कुंदा म्हणाली.

अंबरनाथ पूर्वेच्या दवाखान्यात डॉक्टर मीनलनी तिला सलाईन लावलं. "राखेत दारू सोडवायच्या गोळीची पूड असणार. त्यावर दारू घेतली की कुणालाही असंच होतं. चोरून दिली तर जीवही जातो."

"म्हणजे ह्यांच्यात, पोरीत सासऱ्यांचं काहीच आलं नाही?"

"आलं असेल. चंचलपणा आणि व्यसनाची ओढ, दोन्हींमागची काही जनुकं एकच असावीत, असं अभ्यास सांगतात. नाकाडोळ्यांसारखी तीही वारशाने येतात. म्हणून मनाली पिणारच असं नाही. तिला वेळेवर उपचार हवेत."

"मी पोरीला डागायला नेत होते गं," सासूबाई रडू लागल्या.

राजेंद्रचा शर्ट घामाने पाठीवरच्या जुन्या वळांना चिकटला होता. "आधी माझा केसपेपर काढा," तो म्हणाला, "मग तिचा."

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याला पट्ट्याखाली नेऊ नका, दवाखान्यात न्या. आणि कुणी अंगारा दिला, तर आधी विचारा, ह्यात काय आहे?