डावखुरा गिटारवाला

मी जुन्या टेप आणि फिल्म दुरुस्त करतो आणि माणसांवर सहसा विश्वास ठेवत नाही. एका गृहस्थाने घरी बनवलेली टेप मला जुनी म्हणून विकली होती, तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

त्यामुळे त्या बाई फ्रेम केलेला फोटो छातीशी धरून आल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एका जुन्या सायकेडेलिक रॉक बँडची पहिली रेकॉर्डिंग्ज पुन्हा निघणार होती. बँडचा प्रमुख म्हणत होता, गिटार मीच वाजवली. बाई म्हणत होत्या, ती त्यांच्या धाकट्या भावाने वाजवली, आणि तो आता हयात नव्हता. रेकॉर्डवर कुणाचं नाव छापायचं, हे कंपनीने माझ्या तपासणीवर सोडलं होतं.

"तो डावखुरा होता," बाईंनी फोटो पुढे केला. "बँडमध्ये दुसरं कुणीच नव्हतं डावखुरं. मला म्हणाला होता, ताई, सगळी गिटार माझीच आहे."

"म्हणायला काय, कुणीही काहीही म्हणतं."

मी ती रेकॉर्डिंग्ज चालू असताना सरावाच्या खोलीत घेतलेली मूक फिल्म लावली. अंगावर रंगीत दिवे लवलवत होते आणि चौघांचेही चेहरे केसांत बुडाले होते. पण गिटारवाला उजव्या हाताने तारा छेडत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बाई, हा तुमचा भाऊ नाही."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "मग तो माझ्याशी खोटं बोलला?"

"दिसतंय ते सांगतो." मला, खरं सांगतो, बरंच वाटलं. एक लबाडी पकडली होती. त्या गेल्यावर मी कंपनीला तसं कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी टेपचा आवाज चित्राशी जुळवताना भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सेकंदकाटा उलटा फिरत होता. या मंडळींना टेप उलटी वाजवायची खोड होतीच, म्हणून वाटलं, फिल्मही उलटी चालवली असेल. पण सिगारेटचा धूर तर सरळ वर चालला होता! मी मशीन बंद केलं आणि फिल्मवर बोट फिरवलं. चकचकीत बाजू जिकडे हवी तिकडे निस्तेज बाजू होती. या फिल्मला दोन्ही काठांना भोकं असतात, ती कशीही बसते. मीच ती पालथी बसवली होती, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं दिसत होतं. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक. भलताच तोंडघशी पडलो.

फिल्म सुलटी केली. गिटारवाला डाव्या हाताने वाजवू लागला.

आधी कंपनीला फोन केला, मग बाईंना. "ताई, चूक माझी होती. तुमचा भाऊ खरं बोलला होता. रेकॉर्डवर त्याचंच नाव येईल."



"काल घरी आले ना, तेव्हा फोटो परत भिंतीवर लावलाच नाही मी," त्या म्हणाल्या. "कपाटात टाकला. इतकी वर्षं त्याचं खरं मानलं आणि तुमच्या एका शब्दावर..."

पलीकडून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"थांबा हं जरा," त्या म्हणाल्या. "स्टूल आणते."