सोवळ्यातली तहान

किल्लीला नारळाच्या दोरीने बांधलेली लाकडी फळी. हातभर लांब. हरवू नये म्हणून.

खाली भांड्यांच्या दुकानात पितळेवर हातोडी. टण्. टण्.

‘रुग्णाला बऱ्याच दिवसांपासून डोकेदुखीची तक्रार.’

तिरुक्करुगावूरच्या देवळाबाहेर टपरीवरची कॉफी फुंकून फुंकून पिणाऱ्या सासूबाई, गोमतीबाई.

निलगिरीच्या बामची डबी, तळ खरवडलेली.

हे सगळं वेदवतीच्या कपाळात एकाच जागी येऊन बसतं. डाव्या भुवईच्या वर.

वेदवती दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांची दुखणी ऐकते. परदेशातले डॉक्टर बोलतात, ती टाइप करते. कुंभकोणमच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावर हे ऑफिस. संडास एकच, जिन्याच्या वळणावर. खालची गिऱ्हाइकं शिरतात म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली मॅनेजर रविशंकरच्या पाठीमागे खिळ्याला. हवी असेल तर हॉलभर पुरुषांमधून चालत जायचं, मागायची, फळी मिरवत बाहेर जायचं आणि मिरवत परत यायचं. फळी पदरात मावत नाही.

दुसरी बाई पंकजा. तिचं घर मागच्या गल्लीत, ती जेवायला घरी जाते. वेदवतीचं घर लांब, इन्नंबूर गावात.

म्हणून वेदवती पाणी पीत नाही.

सुरुवातीला पंकजाने पेला पुढे केला होता. “घ्या अक्का.”

“नको.”

“का हो? मडी पाळता?”

मडी म्हणजे सोवळं. मराठी घरची बाई, विठ्ठलाचं घराणं, बाहेरचं पाणी कसं पिईल? गावाला हे लगेच पटतं. वेदवतीने मान हलवली. एवढंच. मान हलली आणि कडी लागली.

मग पाण्याचं पिंप तिच्या टेबलापासून लांब गेलं, शिंतोडे नकोत म्हणून. वाढदिवसाचा केक तिच्यापाशी आला की वळसा घालून पुढे. शेजारच्या टेबलावरचा शिवप्रसाद तर तिच्या खुर्चीला धक्का लागला तरी कान पकडायचा.

घरी गोमतीबाई विचारायच्या, “डोई ठणकते का गे? उदक प्यालीस?”

“प्याले.”

‘रुग्णाचे डावे मूत्रपिंड.’

तिने उजवं लिहिलं. डोकं इतकं ठणकत होतं की दोन्ही बाजू एकच झाल्या होत्या. तपासणाऱ्याने चूक पकडली म्हणून निभावलं.

“वेदवतीम्मा,” रविशंकर हळू आवाजात म्हणाला, “तुमचं डोकं दुखतं हे मला कळतं. पण पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.” घरात नोकरी तिची एकटीचीच होती. हे त्यालाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं.

तिच्यासाठीच त्याने ऑफिसात डोकेदुखीवर व्याख्यान ठेवलं. हरिकृष्ण नावाचा तरुण डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवू लागला. संगणकाची उंची डोळ्यांच्या रेषेत. मान मोकळी. मधून मधून लांबवर नजर. “आणि सगळ्यात सोपं औषध,” तो म्हणाला, “दर तासाला पेलाभर पाणी. ऑफिसातली निम्मी डोकी तहानेनंच दुखतात.”

सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. वेदवतीचा हात पुढे झाला.

“अहो, त्यांना नको!” रविशंकर धावला. “कडक घराणं आहे. अक्कांसाठी खालून नवी पितळेची घागर आणू. घरून पाणी आणतील, त्यांच्या टेबलाशी ठेवू. कुणी हात लावायचा नाही.”

“सावलीसुद्धा पडायला नको,” शिवप्रसाद म्हणाला. त्याने हे खरंच मनापासून म्हटलं.

वेदवतीला ती घागर दिसली. घासूनपुसून लख्ख, काठोकाठ भरलेली, जन्मभर टेबलाशी.

शेजारी पंकजा बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. वेदवतीने ती तिच्या हातातून घेतली आणि घटाघटा रिकामी केली. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला.

“अक्का! ती माझी उष्टी!”

“माहीत आहे.”

“आणि मडी?”

“नव्हतंच गं कधी.”

हरिकृष्णाने पडद्यावर पुढचं चित्र आणलं. मनगटाचा व्यायाम.

दुपारी कपाळ खरोखर हलकं झालं. डावं ते डावं, उजवं ते उजवं. आणि पोट जड होत गेलं. ‘रुग्ण आज बरा.’ टण्. टण्. तिने पाय जुळवून घेतले. एक फाईल संपवली. दुसरी अर्ध्यात सोडली.

मग हेडफोन काढून ती उठली. टेबलांमधली वाट होती तेवढीच होती. एकेक मान वर झाली, एकेक खाली गेली.

“काय झालं वेदवतीम्मा? डोकं? रजा हवी का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि हात पुढे केला. “किल्ली.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने किल्ली मागितली होती, तेव्हा रविशंकरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, “किती वेळ लागेल?”