घासून गेलेला शिक्का

अंगठ्याच्या नखाएवढी ती जागा... पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, वरच्या पोलादावर. बाकी सगळं काळपट निळसर आणि तेवढीच लख्ख. दुकानदारानं तिच्यावर भिंग धरलं, हलवलं, परत धरलं, आणि आरतीला भिंगात गुळगुळीत लोखंडाशिवाय काही म्हणजे काही दिसेना.

“ताई, शिक्का इथंच असतो,” दुकानदार म्हणाला. “फौजेचा शिक्का आणि खाली साल. तोच गेलाय. गेलाय म्हणजे, घासून घालवलाय कुणीतरी.”

कुणीतरी! कुणी, हे तिला तिथंच, बंदुकांच्या त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं, आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. दरवर्षी खंडेनवमीला ओसरीवर घोंगडी अंथरायची, तिच्यावर विळे, कोयता, कुऱ्हाड, पाभरीचे फण, ट्रॅक्टरचे पाने, आणि मधोमध पाटावर आजोबांचं पिस्तूल. वडील ते रिकामं करून आईच्या हातात द्यायचे आणि आई, केशरबाई, पदर खोचून बसायची... राख, खोबरेल, आणि पुढं पुढं तर सुताराकडून आणलेला पॉलिश पेपर. घास, घास, घास. मग हळद, कुंकू, झेंडू. नमस्कार करा रे. आम्ही करायचो. आमच्यासमोर, आमच्या नमस्काराखाली आजोबांची लढाई घासली जात होती, आणि आम्ही पेढा कधी मिळतो ते बघत होतो.

“पण बनावट इटलीचीच आहे ना?” तिनं विचारलं.

“इटलीचीच. शंकाच नाही. पण हीच बनावट लढाईनंतरही चालू होती, आणि दुकानांतनं विकली जात होती. नुसत्या नंबरावरून मी छातीठोक नाही सांगणार. आणि तुमचा परवाना पहिल्यांदा निघाला सत्तावन्न साली. लढाई संपली पंचेचाळीसला. मधल्या काळात आजोबांनी हे विकत घेतलं नसेल कशावरून?”

कशावरून... खरंच, कशावरून? तो माणूस काही वाईट बोलत नव्हता. मिरजगावच्या तिच्या कृषी सेवा केंद्रात एखादा शेतकरी लॉट नंबर पुसलेली पिशवी घेऊन आला आणि बियाणं उगवलं नाही म्हणाला, तर ती तरी दुसरं काय म्हणते? तरी तिला त्याचा राग आला. त्याच्या भिंगाचा, त्याच्या स्वच्छ नखांचा, ‘छातीठोक’ या शब्दाचा. वडील मागच्या वर्षी गेले, परवाना त्यांच्या नावावर, म्हणून पिस्तूल याच्याकडं जमा. आपलीच वस्तू बघायला आपण याच्या दारात यायचं आणि यानं सांगायचं की संग्राहक याला फुटकी कवडी जादा देणार नाही, जुनं म्हणून जे काय येईल ते. विकायचं कुणाला होतं? तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी जाणत्यानं म्हणावं: होय, हे लढाईतलं आहे.

कारण गावात शिळा उभी राहतेय. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्यांची नावं कोरलेली शिळा, शाळेसमोर. आणि यादीत तिच्या आजोबांचं, गहिनीनाथांचं, नाव नाही. समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब तिला समजुतीनंच म्हणाले होते, “आरती, आगं तुझा आजा फौजेत हुता, ते कोन न्हाई म्हनतंय? पर त्यो लांगरी. पलटनीचा आचारी. लढलेल्यांची शिळा हाय ही.” पिस्तुलाची गोष्ट तिनं सांगितली तेव्हा ओट्यावरचे सगळे हसले. ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ: इटलीतली बर्फातली नदी, पहाटेची चूल, रोट्यांच्या वासानं शत्रूचा एक अफसर झाडीतून चालत आला, आणि आजोबांनी त्याच्याकडून पिस्तूल काढून घेतलं. “कसं काढून घेतलं? लाटनं दावून?” कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा आप्पासाहेबसुद्धा हसले, मग ओशाळून म्हणाले, “बरं, त्या पिस्तुलाचं खरं कायतरी आन. मंग बघू. पाथरवट उद्या नावं कोराया घेतोय.”

दुकानदारानं पिस्तूल फडक्यात गुंडाळता गुंडाळता आवाज उतरवला. “शिक्का परत मारून देणारे आहेत. साल पण टाकतात. मी त्यातला नाही, पण माणूस सांगू शकतो.”

“ओळखू येतं?”

“जाणकाराला येतं. गावाला काय कळतंय!”

“बघते,” ती म्हणाली.

बघते! पुसट नंबराची पिशवी कंपनीला परत पाठवणारी मी, ‘बघते’ म्हणाले, तेही इतकं चटकन, की जणू हाच प्रश्न विचारायला मी नगरला आले होते. सोलापूर रस्त्यावर एस.टी. लागली तरी तो शब्द तोंडातून जाईना. तिनं आईला फोन लावला. कुणावर तरी ओरडल्याशिवाय घास उतरला नसता.

“आई, पिस्तुलावर एका जागी काही कोरलेलं होतं का गं?”

“व्हय की. खरखरीत हुतं कायतरी. लई बारीक. हळद अडकून बसायची त्यात, निघता निघंना. धा-बारा वरसं घासलं तवा कुठं साफ झालं.” आईच्या आवाजात कौतुक होतं. “का गं?”

“अगं, तोच पुरावा होता! तेवढाच होता!”

“कशाचा?”

“आजोबा लढल्याचा.”

पलीकडं कोंबड्यांचा आवाज, भांडं ठेवल्याचा आवाज.

“त्याला पुरावा कशाला?” आई म्हणाली. “मामंजींनी सोता सांगितलंय की मला. आन् गंजकी वस्तू देवापुढं ठिवत्यात व्हय?”

काय बोलणार अशा माणसाला! तिनं फोन ठेवला. आईला कधी शंका आली नाही, ठीक. तिला वांग्याच्या भाजीतल्या मिठाचीसुद्धा शंका येत नाही. पण मला? ...मला होती. ओट्यावर सगळे हसले तेव्हा माझे कान तापले ते त्यांच्या हसण्यानं नव्हे. लाटण्याचा तो प्रश्न मलाच लहानपणापासून पडत आला होता म्हणून. आप्पासाहेबांसाठी नाही, मी माझ्यासाठी भिंगात बघत होते. आणि ती लख्ख जागा तशीच राहणार आता, ना ‘हो’ म्हणणार, ना ‘नाही’.

मग आजोबांचाच संताप आला. सरळ, उघडा संताप. एकच गोष्ट काय ती सांगून ठेवली, तीही अशी, अर्धी. पलटण कितीची होती, लाकूड ओलं असेल तर चूल कशी पेटवली, तोफा चालू असताना जेवण पुढं कुणी नेलं, परत येताना किती माणसं कमी भरली... एक शब्द नाही. त्यांना स्वतःलाच पळीची लाज वाटत होती की काय? म्हणून पिस्तूल पुढं धरलं? आणि त्यांच्यामागं वडिलांनी, आणि आता मी... तीन पिढ्या आम्ही त्या पिस्तुलामागं लपलोय, आणि तिकडं हजारभर माणसं जेवली असतील, त्यांचं काय?

फोन वाजला. आप्पासाहेब.

“काय झालं गं? लिहू का नगं?”

“आप्पा, गावात आल्यावर सांगते.”

“आगं, पाथरवट...”

“थांबू दे त्याला,” ती इतकी जोरात म्हणाली, की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

काय सांगणार होते मी? खोटा शिक्का उमटवून आणते म्हणून? की लांगरी म्हणूनच लिहा, लढलेल्यांतच लिहा, बघू कोण हसतंय? दोन्ही वाक्यं तिनं मनात म्हणून बघितली. दोन्ही तिच्याच आवाजात होती आणि दोन्हींची भीती वाटत होती. बाहेर उसाच्या गाड्या मागं पडत होत्या. बर्फात पीठ मळायचं म्हणजे पाणी कोमट करून घ्यावं लागत असेल; बोटं आखडत असतील; मळून झालेला गोळा फडक्याखाली धरून ठेवत असतील... ती पहाट तिला नेहमीसारखी दिसायला लागली, नदी, झाडी, झाडीतून येणारा तो अफसर. पण आजोबा चुलीपुढून उठेनात. तिनं जिद्दीनं पिस्तूल त्यांच्या हातात द्यायला बघितलं, परत परत बघितलं, पण त्यांचे दोन्ही हात पिठात होते.